'ऋ' हा स्वर कसा?

प्रश्न असा आहे: शाळेच्या पुस्तकात 'ऋ' स्वरांमध्ये दिलाय, पण आपण तर सरळ 'रु' म्हणतो, म्हणजे र् अधिक उ. मग तो स्वर कसा? सघोष आहे म्हणून का?

सघोष आहे म्हणून नक्कीच नाही. घशावर बोटं ठेवून 'ग्', 'म्', 'र्' म्हणून बघा. बोटांखाली जो कंप जाणवतो तो घोष. 'स्' म्हणताना तो नसतो. पण ग, म सघोष असूनही व्यंजनंच आहेत. स्वर ठरतो तो अक्षर, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा, पेलण्यावरून.

संस्कृतातला मूळ ऋ म्हणजे शेजारी अ, इ, उ कुणी नसताना एकट्याने अक्षर पेलणारा र्. असे ध्वनी आजही जिवंत आहेत. चेक भाषेत बोटाला 'प्र्स्त' म्हणतात आणि लांडग्याला 'व्ल्क'. दोन्ही शब्द एकेका अक्षराचे, आणि ते अक्षर पेलतात र् नि ल्. आपला 'वृक' आणि हा 'व्ल्क' एकाच मुळातून आले आहेत, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

मराठीत पुरावा हवा असेल तर 'विक्रम' आणि 'विकृत' शेजारी ठेवा. 'विक्रम'मध्ये पुढे 'क्र' हे जोडाक्षर, म्हणून वृत्तात वि गुरू, म्हणजे दोन मात्रांचा. 'विकृत'मध्ये मात्र वि लघूच, म्हणजे एका मात्रेचा; तिन्ही अक्षरं लघू, न गण. जीभ 'विक्रुत' म्हणत असली तरी वृत्त तिथे जोडाक्षर मानत नाही, कारण 'कृ' म्हणजे क् अधिक स्वर. संधीतही तेच: अति + आचार = अत्याचार, तसंच पितृ + आज्ञा = पित्राज्ञा. इ चा य् होतो, तसा ऋ चा र्.

मग हा उच्चार गेला कुठे? प्राकृतातच ऋ मोडला आणि त्याच्या जागी कुठे अ, कुठे इ, कुठे उ आला. मृत्तिकेची माती झाली, शृंगाचं शिंग, आणि 'पृच्छ्'पासून आलं आपलं पुसणं, म्हणजे विचारणं. कृष्णाचा तर कण्ह आणि पुढे कान्हा झाला. नंतर 'कृष्ण', 'ऋतू' असे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे पुन्हा घेतले, पण तोवर तो ध्वनी कुणाच्याच जिभेवर उरला नव्हता. ज्याने त्याने आपल्या सवयीचा स्वर र् ला जोडला: आपण क्रुष्ण म्हणतो, हिंदी भाषक क्रिष्ण.