जीटी २१० कार्डाला ड्रायव्हर कुठला?

प्रश्न : सर, आमच्या अभ्यासिकेला एका देणगीदारांनी सहा जुने डेस्कटॉप दिले आहेत. स्पर्धा परीक्षेची मुलं त्यांवर फॉर्म भरतात, व्याख्यानांचे व्हिडिओ बघतात. विंडोज फार रेंगाळायचं म्हणून माझ्या भाच्यानं सगळ्यांवर डेबियन १२ ही लिनक्सची प्रणाली टाकून दिली. त्यातल्या दोन मशीनमध्ये एनव्हिडिया कंपनीची जीटी २१० ही ग्राफिक्स कार्डं आहेत. दुरुस्तीला येणारा मुलगा म्हणतो, 'डेबियनसोबत येतो तो ड्रायव्हर कामचलाऊ, कंपनीच्या साइटवरून खरा उतरवून घ्या.' घेऊ का? आणि कंपनीचा ड्रायव्हर जर चांगला असेल, तर डेबियनवाले आधीपासून तोच का देत नाहीत?
— ग्रंथपाल, सार्वजनिक वाचनालय, जि. सांगली

उत्तर : ताई, घेऊ नका. ड्रायव्हर म्हणजे कार्डाला संगणकाशी बोलायला लावणारा प्रोग्राम. तुमच्या कार्डाला चालणारा कंपनीचा ड्रायव्हर ३४० क्रमांकाच्या मालिकेतला. त्या मालिकेचं काम कंपनीनं २०१९च्या अखेरीस थांबवलं. डेबियन १२ आलं जून २०२३मध्ये, ६.१ कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, घेऊन. कर्नलची आतली रचना दर आवृत्तीला थोडी थोडी बदलते आणि ड्रायव्हरला तिच्याबरोबर बदलावं लागतं. ज्याच्यावरचं काम २०१९मध्येच थांबलं, तो २०२३च्या कर्नलवर बसवायला गेलात तर बहुधा काळा पडदा बघावा लागेल.

हा काळा पडदा मी पाहिलेला आहे. २००८ साली मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची प्रयोगशाळा सांभाळत होतो. चोवीस यंत्रं, सगळ्यांत एकाच कंपनीची कार्डं, सगळ्यांवर त्या कंपनीचा बंदिस्त, म्हणजे मूळ कोड उघड न केलेला, ड्रायव्हर. दिवाळीच्या सुटीत अपडेट झालं, कर्नल बदलला. सुटीनंतर प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी दार उघडून यंत्रं सुरू केली, तर एकावरही चित्र नाही. रात्री दीडपर्यंत बसून अठरा यंत्रांवर ड्रायव्हर पुन्हा चढवला. उरलेल्या सहांची कार्डं मधल्या काळात कंपनीनं यादीतूनच काढली होती. ती सहा यंत्रं मी जुन्या कर्नलवर परत नेली आणि पुढं वर्षभर ती सुरक्षेच्या दुरुस्त्यांशिवाय चालली. कार्डं धडधाकट होती आणि दोष कुठं आहे तेही मला कळत होतं, पण ड्रायव्हरचा मूळ कोड माझ्याकडे नव्हता. तो वितरणाकडेही, म्हणजे डेबियनसारखी लिनक्स प्रणाली जुळवून देणाऱ्यांकडेही, नव्हता, त्यामुळे त्यांना तक्रार लिहूनही उपयोग नव्हता.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच आहे. वितरण म्हणजे काही सीडीवर भरून दिलेला माल नव्हे. डेबियन जे देतं, त्यातली चूक स्वतः दुरुस्त करून देण्याची जबाबदारीही घेतं. बंदिस्त ड्रायव्हरच्या बाबतीत ती जबाबदारी घेताच येत नाही. म्हणून डेबियन तो 'नॉन-फ्री' नावाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवतं: हवा असेल त्यानं घ्यावा, पण तो मूळ वितरणाचा भाग नाही.

आता तुमच्या मशीनवर आज जो ड्रायव्हर चालू आहे त्याच्याविषयी. त्याचं नाव नूवो, आणि त्याला कामचलाऊ म्हटलेलं मला खरंच सहन होत नाही. कार्ड आतून कसं चालतं याची कागदपत्रं एनव्हिडियानं दिली नव्हती. तेव्हा काही लोकांनी कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर चालवून तो कार्डाच्या कुठल्या रजिस्टरमध्ये (आकडे ठेवायच्या खणात) कोणता आकडा लिहितो, याची नोंद घ्यायला सुरुवात केली. पडद्यावर एक त्रिकोण काढायचा, नोंद घ्यायची. त्रिकोणाचा रंग बदलायचा, पुन्हा नोंद घ्यायची. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की जो आकडा बदलला तो रंगाचा. अनोळखी लिपीतला शिलालेख लावावा, तसं हे काम वर्षानुवर्षं चाललं. २००९ साली फेडोरा या दुसऱ्या लिनक्स वितरणानं अकराव्या आवृत्तीत एनव्हिडिया कार्डांसाठी नूवो हाच मूळ ड्रायव्हर केला आणि फेब्रुवारी २०१०मध्ये तो कर्नलच्या २.६.३३ या आवृत्तीत आला. एकदा कर्नलच्या कोडात आला, की कर्नलची रचना बदलणाऱ्यालाच त्याच्यासोबत नूवोही बदलावा लागतो. कंपनी विसरली तरी तुमचं कार्ड नव्या डेबियनवर चित्र दाखवतं, ते या व्यवस्थेमुळं.

एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीनं २००७ साली आपल्या कार्डांची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली आणि इंटेलचे ड्रायव्हर तर कधीपासूनच कर्नलमध्ये आहेत. त्या दोघांच्या कार्डांना असला प्रश्न सहसा पडत नाही. मात्र एएमडीच्या कार्डांना फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची, एक बंदिस्त फाइल लागते. पूर्वी डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ती नसायची आणि नवखा माणूस पहिल्याच पायरीवर अडकायचा. २०२२मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं. काही जुन्या मित्रांना हे तत्त्वाला सोडून वाटलं. मला तो निर्णय पटला, कारण ज्याच्या पडद्यावर चित्रच येत नाही, त्याला खुल्या कोडचा काय उपयोग?

नूवोच्या मर्यादाही सांगायला हव्यात. २०१४च्या सुमारास आलेल्या ९०० मालिकेपासून एनव्हिडियानं फर्मवेअरवर स्वतःच्या डिजिटल सहीची सक्ती केली. त्यामुळं त्या पिढीच्या कार्डांचा वेग नूवोला वाढवता येत नाही, ती सुरू होतानाच्या मंद गतीवरच राहतात. उद्या तुम्हाला कुणी तसलं कार्ड दिलं, किंवा कुणाला ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या प्रोग्रामवर काम करायचं असलं, तर मी स्वतः सांगेन की बंदिस्त ड्रायव्हर घ्या. फक्त तो साइटवरून न उतरवता डेबियनच्या नॉन-फ्री कप्प्यातून घ्या, म्हणजे कर्नल बदलला की तो आपोआप पुन्हा बांधला जातो. मे २०२२मध्ये एनव्हिडियानं ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, पण तो २०१८ला आलेल्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्याच कार्डांसाठी. जीटी २१०ला त्याचा फायदा नाही.

तुमच्या दोन मशीनचं असं करा. आधी मागच्या बाजूला बघा. मॉनिटरची वायर कार्डाला लावलेली असेल, पण कीबोर्ड-माऊसच्या जागेजवळ मदरबोर्डवरही तसलंच भोक असेल, तर बहुतेक इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स आहे. मशीन बंद करून, प्लग काढून, कार्ड उपसून ठेवा आणि वायर तिथं लावा. फॉर्म आणि व्याख्यानं यांना तेवढं पुरतं, शिवाय पंख्याची घरघर थांबेल आणि वीजही वाचेल. तसं भोक नसेल तर कार्ड राहू द्या, नूवोही राहू द्या. व्हिडिओ बघताना पडदा गोठायला लागला तर फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशनची खूण काढा आणि व्हिडिओ ७२० ऐवजी ४८०वर ठेवा.

तरीही गोठलं, तर भाच्याला त्या वेळचा कर्नल लॉग, म्हणजे कर्नलनं केलेली नोंदवही, जपून ठेवायला सांगा आणि मला पाठवा. नूवोच्या लोकांना कळवायची तक्रार आपण मिळून लिहू.