फाडलेलं पान

खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा नीटला दोनदा बसला, दोन्ही वेळा हुकलं, आता तिसऱ्यांदा नको म्हणतो. गोल्फची मैदानं आखायची म्हणतो. आजोबा बेळगावच्या गोल्फ मैदानावर माळी होते. वडील लिहितात, "गवत कापायला शिकवलं काय आम्ही त्याला? तुम्हीच समजवा." पुरावा म्हणून मुलाच्या वहीतलं एक पान फाडून जोडलंय.

नमस्कार. पत्रात नीट नऊ वेळा आलंय, मुलाचं नाव एकदाही नाही. गुणांचं सोडा, मला ते गवताचं वाक्य टोचलं. त्याच गवतावर तुमच्या वडिलांनी तुम्हाला शिकवलं ना? मुलगा नापास होईल याची भीती तुम्हाला नाही. तो आजोबांच्या जागी जाऊन बसेल, याची आहे. हे त्याच्याशी कधी बोललात का? नीटच्या नावाने ओरडणं त्यापेक्षा सोपं असतं.

"डॉक्टरकी सोडून मैदानं कोण आखतं" असंही विचारलंत. अलिस्टर मॅकेन्झी. सर्जन होता. बोअर युद्धात शत्रूने खंदक कसे लपवले ते बघितलं आणि पुढे तीच नजर मैदानात वापरली. अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल मैदान त्याने गोल्फपटू बॉबी जोन्सबरोबर आखलं. मैदानं आखणारा हॅरी कोल्ट आधी वकील, पीट डाय विमा विकायचा. आणि ओल्ड टॉम मॉरिस? स्कॉटलंडात सेंट अँड्र्यूजला मैदान राखायचा. म्हणजे तुमच्या वडिलांचंच काम.

आता ते पान. त्यावर झेंडे नाहीत, बाण आहेत. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, ओढ्याला चर कुठून काढायचा. भाताच्या बांधाला मोरी कुठे ठेवायची हे बघत वाढलेल्या पोराचं काम आहे ते. फ्लोरिडात सॉग्रासचं मैदान (1980) त्याच पीट डायने दलदलीत उभं केलं. सतराव्या होलच्या जागेतली वाळू उपसून दुसरीकडे टाकली, मोठा खड्डा उरला. पीटची बायको ॲलिस म्हणाली, पाणी भरा, मधे बेट ठेवा, होल त्या बेटावर. आज जग ते बेट बघायला जातं.

पण मुलालाही सांगतो: नुसत्या गोल्फवर आपल्याकडे पोट भरणार नाही. नवी मैदानं होतात किती? बेळगावचं मैदान तरी निम्म्या गावाला 2022 मध्ये बिबट्या शिरला तेव्हाच कळलं. त्याने माती आणि पाणी शिकावं. गोकाकजवळ अरभावीला उद्यानविद्येचं सरकारी कॉलेज आहे, सीईटीतून प्रवेश. शेती असेल तर शेतकरी कोट्याचे कागद आत्ताच काढा. बारावीला गणित असेल तर नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा, मग बी.आर्क. आणि पुढे अहमदाबाद किंवा दिल्लीला लँडस्केप आर्किटेक्चर.

पान परत पाठवतोय. वहीत चिकटवून द्या, तुमच्या हाताने.