पिंगळा म्हणजे पक्षी की पहाटे दारावर येणारा जोशी? हा शब्द आला कुठून?

दोन्ही. पण नाव आधी पाखराचं, आणि त्याच्यावरून मग माणसाचं.

संस्कृतात 'पिंगल' हा रंग आहे, पिवळसर तपकिरी. आपला 'पिंगट' त्याच घरातला. पाठ मातकट, तिच्यावर पांढरे ठिपके, डोळे पिवळेधमक, आकार जवळपास साळुंकीएवढा (सुमारे २१ सेंटिमीटर): असं हे छोटं घुबड. जुन्या वाड्याच्या भिंतीतलं भोक किंवा आंब्या-वडाची ढोली याला पुरते. माणूस दिसला की मान वरखाली हलवत टक लावून बघतं. शास्त्रीय नाव अथीनी ब्रामा. ग्रीकांच्या अथीना देवीचं घुबड याचंच जवळचं भावंड, आणि ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर ते आजही आहे. आपल्याकडे 'घुबड' म्हणजे शिवी. पिंगळा त्यातून बराचसा सुटला, कारण शकुन बघणाऱ्यांनी त्याच्या बोलण्याला वजन दिलं. कुठल्या दिशेला बोलला, कोणत्या प्रहरी, यावरून कौल लावायचा.

इथेच जोशी येतो. अंधारात कंदील आणि काठी घेऊन, हातातलं छोटं डमरू वाजवत फिरणारा, 'मला पिंगळ्याची भाषा कळते' म्हणून भविष्य सांगणारा, तो पिंगळा. त्याची स्वारी झुंजुमुंजू होण्याआधी येऊन जाते. पाखरू तिन्हीसांजेलाही भरपूर कलकलाट करतं, तरी 'पिंगळावेळ' म्हणजे उत्तररात्र सरतानाची वेळ, संध्याकाळ नव्हे.

त्या डमरूला कुडबुडं किंवा कुडमुडं म्हणतात, आवाजावरूनच. ते वाजवणारा तो कुडमुड्या जोशी. लाक्षणिक अर्थाने खरी चलती या शब्दाची झाली: अर्धवट ज्ञानावर भाकितं करणारा कुणीही 'कुडमुडा जोशी' ठरला, आणि पुढे वर्तमानपत्रांनी सत्ताधाऱ्यांच्या मेहेरबानीवर पोसलेल्या धंद्यांच्या व्यवस्थेला 'कुडमुडी भांडवलशाही' म्हणायला सुरुवात केली. दारोदार फिरून पोट भरणाऱ्यांवर हा जरा अन्यायच, पण शब्द रुळला खरा.

गल्लत होते ती सारख्या दिसणाऱ्या नावांची. योगातल्या इडा-पिंगळा यांतली पिंगळा ही नाडी, स्त्रीलिंगी. एकनाथी भागवताच्या आठव्या अध्यायातली पिंगळा ही विदेह नगरीतली वेश्या. साठ संवत्सरांत एक 'पिंगल' आहे आणि छंदशास्त्र सांगणारा पिंगल आणखी वेगळा. रंगाचा शब्द सगळ्यांत आहे, पण पाखराचा या कुणाशीही संबंध नाही.

रानपिंगळा ही मात्र स्वतंत्र जात आहे, आणि तिची कथा खानदेशातली. १८७३ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं, पण १८८४ नंतर शतकभर खात्रीची नोंदच नव्हती. मधे १९१४ सालचा म्हणून गुजरातेतल्या मांडवीचा एक नमुना दाखवला जाई. तो रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश पक्षी-संग्राहकाने संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यावर खोटी चिठ्ठी लावून केलेला बनाव होता, त्यामुळे शोध भलत्याच जागी व्हायचा. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडी पाडली, अस्सल चिठ्ठ्यांवरच्या जागा धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. पुढे मेळघाटात आणि ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही तो सापडला.

फोटो काढलात तर डोक्याचा वरचा भाग नीट येऊ द्या. डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असले तर तो साधा पिंगळा. डोकं आणि पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची, पंख-शेपटीवर रुंद पट्टे, पोटाचा खालचा भाग पांढराशुभ्र आणि भर दिवसा उघड्या फांदीवर बसलेला असेल, तर रानपिंगळा असण्याची शक्यता आहे. जागा आणि वेळ टिपून वनखात्याला कळवा. गावात, घराच्या वळचणीला दिसला तर तो साधाच.