कर्नल कोसळला, स्क्रीनभर आकडे, वाचायचं कुठून?

प्रश्न: माझ्या लिनक्स मशीनवर मधूनच कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, क्रॅश होतो आणि स्क्रीनवर प्रोसेसरची रजिस्टरं, हेक्स आकडे, मॉड्यूलची नावं असला ढीग येऊन पडतो. सगळे म्हणतात लॉग पाठव, पण मला स्वतःला यातलं काही वाचता येईल का?

उत्तर: येईल की, फक्त सगळं वाचायचा हट्ट सोडा. लॉगमध्ये एकापेक्षा जास्त ऊप्स, म्हणजे कर्नलने छापलेले चुकीचे अहवाल, असतील तर पहिलाच पकडा, पुढचे बहुतेक त्याचेच परिणाम असतात. सुरुवातीच्या ओळीत कारण असतं, समजा नल पॉइंटर, म्हणजे कुठेच न दाखवणारा मेमरीचा पत्ता, आणि पत्ता ८ असं लिहिलंय, तर कोणीतरी रिकाम्या पॉइंटरमधून स्ट्रक्चरचं आठव्या बाइटवरचं फील्ड वाचायला किंवा लिहायला गेलं असं बहुतेक वेळा धरून चाला. मग आरआयपीची ओळ, म्हणजे प्रोसेसर कोडमध्ये कुठे होता ते सांगणारं रजिस्टर, त्यात फंक्शनचं नाव, पुढे अधिकचं चिन्ह आणि दोन आकडे, पहिला फंक्शनमध्ये किती बाइट आत गडबड झाली तो, दुसरा अख्खं फंक्शन किती बाइटचं तो. त्याखाली कॉल ट्रेस, म्हणजे फंक्शनांच्या बोलावण्याची साखळी, वरून खाली वाचला की कोणी कोणाला बोलावलं ते उलट क्रमाने कळतं. ज्या नावाआधी प्रश्नचिन्ह आहे ते स्टॅकवर, म्हणजे या बोलावण्यांची नोंद असलेल्या मेमरीत, सापडलं एवढंच, खरंच त्या वाटेने कोड गेला याची खात्री कर्नललाही नसते, म्हणून पहिल्या वाचनात ते सोडून द्या.

बाकी रजिस्टरं डेव्हलपरसाठी, तुम्ही त्यात डोकं घालू नका. पण टेंटेडची, म्हणजे कर्नलमध्ये बाहेरची भेसळ आहे का ते सांगणारी, ओळ बघाच. तिथे पी असेल तर प्रोप्रायटरी, म्हणजे बंद परवान्याचं, मॉड्यूल लोड झालंय, ओ असेल तर कर्नलच्या बाहेरचं मॉड्यूल, आणि मग कर्नलवाले आधी ते काढून बघायला सांगणार, त्यात त्यांचं चूक काही नाही.

खरा फरक पडतो तो कर्नलच्याच सोर्समधल्या डीकोड स्टॅकट्रेस नावाच्या स्क्रिप्टने. तिला त्याच बिल्डची डीबग माहितीवाली व्हीएमलिनक्स फाइल, म्हणजे न आकसलेला कर्नल, आणि लॉग दिला की नाव-आकड्यांच्या जागी सोर्स फाइल आणि ओळ नंबर येतो. बिल्ड दुसराच असेल तर ओळी चुकीच्या दाखवेल आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल.

प्रश्न: स्क्रीनचा फोटो काढते, पण वरचा भाग सरकून गेलेला असतो. आणि डेस्कटॉप चालू असताना क्रॅश झालं तर नुसती स्क्रीन गोठते, काहीच दिसत नाही.

उत्तर: सरकण्याचा त्रास जुनाच आहे. म्हणून तर एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर, ऊप्सच्या शेवटी आरआयपी आणि रजिस्टरं पुन्हा छापतात, बऱ्याच जणांना ती चुकून आलेली डुप्लिकेट वाटतात. म्हणजे वरचं गेलं तरी निदान फंक्शनचं नाव फोटोत येतं. गोठलेल्या स्क्रीनसाठी लिनक्स ६.१० मध्ये डीआरएम पॅनिक ही ग्राफिक्स विभागातली सोय आली, ग्राफिक्स ड्रायव्हरचा सपोर्ट असेल तर ती थेट स्क्रीनवर मेसेज दाखवते, आणि ६.१२ पासून त्यात लॉगचा क्यूआर कोडसुद्धा दाखवता येतो. फोटोवरून हेक्स आकडे टाइप करत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं. फोटोवर विसंबायचं नसेल तर नेटकन्सोल लावून लॉग नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर पाठवा, नाहीतर क्रॅशच्या वेळची मेमरी साठवणारं केडंप लावा.

प्रश्न: शिकण्यासाठी स्वतःचा छोटा एक्स८६ कर्नल लिहितोय. पॅनिकमध्ये, म्हणजे कर्नल सावरू न शकून थांबतो तेव्हा, सगळी रजिस्टरं छापतो तरी बग सापडत नाही.

उत्तर: सगळं छापताय म्हणूनच सापडत नाही! एक्सेप्शन १४ असं नको, सरळ पेज फॉल्ट, म्हणजे मेमरीच्या पानापर्यंत पोहोचता न आल्याची चूक, असं लिहा, सीआर२ रजिस्टरमधला, म्हणजे चूक झाली तो, पत्ता द्या, आणि एरर कोडचे बिट उलगडून सांगा की पेजच नव्हतं की परवानगी नव्हती, वाचत होतो की लिहीत होतो, यूजर मोड की कर्नल. मग फ्रेम पॉइंटर, म्हणजे स्टॅकवर प्रत्येक फंक्शनची जागा दाखवणारा दुवा, धरून कॉल ट्रेस, त्यात फंक्शनची नावं हवीच, त्यासाठी सिंबल टेबल, म्हणजे पत्ता आणि नावांची यादी, कर्नलच्या इमेजमध्येच भरा. रजिस्टरं तळाशी. पॅनिकच्या कोडमध्ये मेमरी अलोकेट करू नका, लॉकची वाट बघू नका, आणि पॅनिकमध्येच पुन्हा फॉल्ट आला तर ओळखायला एक फ्लॅग ठेवा, नाहीतर तोच मेसेज अखंड फिरत राहील आणि पहिला, म्हणजे कामाचा, वर निघून जाईल. सगळं सीरियल पोर्टवरही पाठवा, क्यूएमयू या एम्युलेटरमध्ये ते थेट फाइलमध्ये पाठवता येतं.