पुढच्या शॉकपचे ऑइल सील वर्षात दोनदा गेले, रबरी कव्हर लावलं तर टिकतील का?

कव्हर लावा, पण त्याआधी गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढच्या शॉकपचे दोन्ही चकचकीत पाईप नीट पुसा आणि वरून खाली हळूहळू नख फिरवा. नख कुठं अडकलं तर चोर तिथंच बसलाय असं समजा, मग कितीही भारी कव्हर घाला नाहीतर ओरिजिनल सील (पाईपभोवती बसून आतलं तेल अडवणारी रबरी रिंग) टाका, दोन-तीन महिन्यांत परत तेच रडगाणं. तुम्ही लिहिलंय पल्सर १५० आहे, रोज ४० किलोमीटर, ऊसपट्ट्यातला रस्ता, वर्षात दोनदा सील बदलले आणि आता परत डाव्या पाईपवर तेलाची रिंग यायला लागली. सेम माझी स्टोरी, फक्त माझे तीनदा गेले.

मी कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर रोज ये-जा करतो. पावसाळ्यात काय चिखल असतो ते सांगायला नको, आणि नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले की ट्रॉल्यांच्या चाकाला लागून शेतातली माती डांबरावर येते, सकाळी दवानं तिचा लेप होतो आणि दुपारी तीच धूळ. हे शिंतोडे पाईपवर ओले आहेत तोवर एका फडक्यात निघतात. वाळले की खरा घोळ, कारण दुसऱ्या दिवशी पहिल्याच स्पीडब्रेकरला पाईप आत जातो आणि तो वाळका थर सीलच्या ओठाखाली, म्हणजे पाईपला टेकणाऱ्या आतल्या कडेखाली, ओढत नेतो. वरचा डस्ट सील बऱ्यापैकी खरवडून काढतो, पण बारीक वाळू त्यातूनही सुटते आणि खालच्या ऑइल सीलच्या ओठात अडकून बसते. त्या ओठाला बारीक स्प्रिंगची रिंग असते, ती ओठ पाईपला दाबून धरते. मधे एक कण आला की तेवढ्या जागी ओठ केसभर उचलला जातो आणि तेल तिथून वाट काढतं. म्हणजे कित्येकदा सील फाटलेला नसतोच, नुसता घाण झालेला असतो, आणि आपण शॉकप खोलून पैसे घालवतो.

त्यामुळं आधी हे करून बघा. घरात कुणाचा तरी जुना एक्स-रे असतोच, त्याची इंचभर रुंद आणि बोटभर लांब पट्टी कापा, एका टोकाला बाजूनं छोटी खाच घेऊन गळासारखा आकार द्या आणि कडा पॉलिश पेपरनं मऊ करा म्हणजे ओठ कापणार नाही. डस्ट सील स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला फडकं गुंडाळून हळूच उचला आणि पाईपवर वर सरकवा. आतली घाण आधी पुसून घ्या, ती आत ढकलू नका. मग पट्टीवर दोन थेंब शॉकप ऑइल लावून ती पाईप आणि ऑइल सीलच्या मधे सरकवा, ओठाच्या खाली गेली की हाताला कळतं, एकदम सैल वाटतं. तशीच पाईपभोवती गोल फिरवा आणि बाहेर काढा. माझ्या पट्टीवर पहिल्यांदा काजळासारखा काळा चिकटा आला होता आणि बोटांत चोळला तर कचकच लागत होती, ताटात खडा आल्यासारखी. चार-पाच वेळा करा, पट्टी स्वच्छ यायला लागली की पाईप पुसा, पुढचा ब्रेक धरून हँडल १५-२० वेळा दाबा आणि दोन दिवस गाडी चालवून बघा. रिंग परत आली नाही तर सील बदलायची गरजच नव्हती. पट्टीऐवजी हॅक्सॉ ब्लेड वगैरे घालू नका, माझ्या ओळखीत एकानं घातलंय, तेल टपटप गळायला लागलं.

आता नखाचं. दगड उडून पाईपच्या क्रोमला टवका जातो नाहीतर गाडी बरेच दिवस पावसात उभी राहिली की गंजाचे ठिपके पडतात, कोकणात समुद्राच्या हवेत तर हे फारच. माझ्या पाईपवर मोहरीएवढा पण नसेल असा खड्डा होता, सीलच्या दोनेक इंच वर. तीनदा सील बदलणाऱ्या मेकॅनिकनं दर वेळी "सील लोकल लागला" एवढंच सांगितलं आणि पाईपवर कधी बोट पण फिरवलं नाही. मी पण नाही फिरवलं म्हणा. बारीक टवका असेल तर १००० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून फक्त उभी राहिलेली धार मोडा, पाईपला आडवा किंवा तिरका घासा, उभा नाही, उभ्या चऱ्यांतून तेल वर येतं. खड्ड्यात अॅराल्डाइट भरा, पूर्ण वाळू द्या, मग २००० च्या पेपरनं पाईपच्या सपाटीला आणा. हे जुगाड आहे, पण माझं दीड वर्ष टिकलंय. गंज जास्त पसरला असेल तर पाईप बदलणे किंवा हार्ड क्रोम करून (क्रोमचा नवा कडक थर चढवून) आणणे, दुसरा इलाज नाही. आणि टवका अगदी वर, जिथपर्यंत सील पोचतच नाही तिथं असेल तर सोडून द्या. सील कुठवर पोचतो ते बघायला पाईपवर सीलला चिकटून एक टायरॅप (वायरी बांधायची प्लॅस्टिकची पट्टी) सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतपत घट्ट बांधा आणि खड्ड्यातून गाडी काढा, ती जिथं जाऊन थांबेल तिथवरचा पाईप महत्त्वाचा.

मग कव्हर. दोन प्रकार मिळतात. एक घडीघडीचे रबरी भाते, एक्सपल्स २००, हिमालयन ४११, सीटी ११० या गाड्यांना कंपनीकडूनच आले ते. दुसरे कापडी, वेटसूटच्या कापडासारखे, वेलक्रोनं गुंडाळायचे. तुमच्या गाडीला भाते बसवायचे तर पाईपची जाडी आणि दबल्यावर घडी मावायला जागा दोन्ही बघून घ्या, नाहीतर शॉकप पूर्ण दबतच नाही. दगडांपासून भातेच चांगले. पण कव्हर घातलं की आपण पाईपकडं बघायचंच सोडतो, माझं तेच झालं. जूनमध्ये कापडी कव्हर गुंडाळलं आणि एकदम दिवाळीला सोडलं, आत चिखलाचा ओला लेप बांधलेला आणि त्याखाली गंजाचे ठिपके. म्हणजे ज्याच्यापासून वाचवायचं तेच मी पाच महिने पाईपला बांधून हिंडत होतो! आता पावसाळ्यात दर रविवारी सोडतो, धुतो, वाळवतो. सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवतात काही जण, त्यात तर पाणी अजूनच साठतं, माझं मत नको.

वॉशिंगवाल्याला सांगा की प्रेशरचा पाईप डस्ट सीलवर सरळ मारू नको, त्यानं माती निघण्याऐवजी आत जाते. धुऊन झाल्यावर डिझेल फवारतात ते पण पुढच्या शॉकपवर नको, रबराला वाईट आणि तेलकट पाईपवर धूळ दुप्पट चिकटते. रोजच्यासाठी मी सीटखाली जुन्या बनियनचं फडकं ठेवलंय, घरी आल्यावर ओलं करून दोन्ही पाईप पुसतो, मिनिट पण लागत नाही. कव्हर, स्प्रे सगळं त्याच्यानंतर.

सील बदलायचेच झाले तर दोन्ही बाजूचे बदला, डस्ट सीलसकट, आणि ऑइल मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच मोजून, अंदाजे नाही. सील चढवताना पाईपच्या वरच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी घालून तिला ग्रीस लावायला सांगा, नाहीतर पाईपच्या धारेनं नवा ओठ तिथंच कापला जातो. आतले बुश (पाईप ज्यांच्यावर सरकतो त्या रिंगा) झिजलेत का हे पण तेव्हाच बघून घ्या, पाईप आत हलत असेल तर सीलला एका बाजूनं दाब येतो. गाडी कधी समोरून धडकली असेल तर पाईप वाकलाय का ते आधी तपासा.

आणि हे आजच बघा, तेल खाली डिस्कवर किंवा कॅलिपरवर (डिस्कला पॅडनं दाबणारा ब्रेकचा भाग) ओघळलंय का. ओघळलं असेल तर एक्स-रे वगैरे नंतर, गाडी चालवू नका. डिस्क ब्रेक क्लीनरनं साफ होते, पण तेल प्यालेले पॅड घासून वापरायचे नाहीत, सरळ नवे टाका. नख कुठं अडकलं ते खाली लिहा, सीलपासून किती इंचावर आहे ते पण सांगा म्हणजे भरून भागतंय का पाईपच बदलायला लागतोय ते बघू.