जंगल, रीफ आणि मगरी : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी माझ्या टाउन्सव्हिलमधल्या सेमिस्टरबद्दल लिहिलं होतं, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला क्वीन्सलँड राज्यातलं डेनट्रीचं रेनफॉरेस्ट, त्यातलं केप ट्रिब्युलेशन आणि समोरच्या समुद्रातला ग्रेट बॅरियर रीफ, म्हणजे कोरलची (प्रवाळांची) लांबलचक रांग. केर्न्स हे त्याच भागातलं शहर. त्यावर इतक्या मेल आल्या की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्य नाही. सिडनी-मेलबर्नचे प्रश्न बाजूला ठेवलेत, ते सांगणारे पुष्कळ आहेत.

प्रश्न : ताई, मला केर्न्सला एका सेमिस्टरसाठी जायचा चान्स आलाय. फेब्रुवारीचं घेऊ की जुलैचं? आमचे सर म्हणतात कुठलंही घे, अभ्यास तोच. (एमएस्सी पर्यावरणशास्त्र, पुणे)

अभ्यास तोच असेल रे, पण बाकी सगळं वेगळं असतं. जायच्या आधी बाकी काही नाही ठरवलंस तरी चालेल, हे मात्र नीट ठरव. तिथे वर्षाचे खरे भाग दोनच, ओला आणि कोरडा. साधारण डिसेंबर ते एप्रिल पाऊस, आणि पाऊस म्हणजे कसला, तर टली नावाच्या गावात १९५० साली ७९०० मिलिमीटरच्या आसपास पडला होता, त्याची आठवण म्हणून गावात ७.९ मीटर उंचीचा सोनेरी गमबूट उभा केलाय आणि लोक त्याच्या आत चढून फोटो काढतात (आंबोलीकरांनी मनावर घ्यावं). चक्रीवादळंही याच काळात येतात. २००६ चं लॅरी, २०११ चं यासी, आणि डिसेंबर २०२३ चं जॅस्पर, ज्याच्या पावसाने केप ट्रिब्युलेशनच्या रस्त्यावर दरडी कोसळल्या आणि पलीकडची वस्ती अडकून पडली. त्यात भर म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मे समुद्रात विषारी जेलीफिश. म्हणजे फेब्रुवारीत उतरलास तर पहिले तीन महिने समुद्र जवळजवळ नुसता बघायचा.

जुलैला गेलास तर हवा आपल्या डिसेंबरसारखी, रस्ते कोरडे, हंपबॅक व्हेल किनाऱ्याजवळून जाताना दिसतात. फक्त तेव्हा आग्नेयेकडून वारा जोरात असतो, रीफवर जाताना बोट चांगलीच हलते, त्यामुळे रीफची मोठी ट्रिप सप्टेंबरनंतर ठेव. तेव्हा वारा पडतो आणि पाणी स्वच्छ होतं. शिवाय नोव्हेंबरपर्यंत थांबलास तर पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत कोरल अंडी सोडतात, ते नशिबात असेल तर बघायला मिळेल. माझं मत विचारशील तर जुलैच घे. अपवाद एकच, तुझा विषय बेडूक किंवा झऱ्यांमधलं जीवन असेल तर फेब्रुवारी. ओल्या जंगलात रात्री टॉर्च घेऊन फिरणं ही वेगळीच गोष्ट आहे आणि वॉलमन फॉल्स, २६८ मीटरची सरळ उडी, पावसाळ्यातच बघावा.

प्रश्न : माझी मुलगी जुलैत जातेय. यूट्यूबवर मगरी आणि ते विषारी झाड बघून माझी झोप उडालीये. खरंच इतकं धोक्याचं आहे का? (नाशिक)

काकू, यूट्यूबवर जे दाखवतात ते खोटं नाहीये, पण ते रोजचं नाहीये. खारफुटी, नदीचं मुख, गढूळ पाणी असेल तिथे मगर आहे असंच धरून चालायचं, दिसली नाही तरी. नदीकाठी पिवळे बोर्ड असतात, त्यावर जर्मनमध्येसुद्धा लिहिलेलं असतं (मराठीत अजून नाही, पण चित्र पुरेसं आहे). काठापासून किमान पाच मीटर लांब राहायचं, एकाच जागी रोज पाणी भरायला किंवा मासे धुवायला जायचं नाही, मगर रोजची सवय बघून ठेवते. मुलं मुली फसतात कुठे, तर ‘इथे तर सगळे पोहतायत’ असं कोणीतरी म्हणतं तिथे. तिला सांगा, लोकांकडे नाही, बोर्डाकडे बघ. मनसोक्त पोहायचं असेल तर केर्न्समध्ये समुद्राला लागूनच फुकटचा मोठा लगून आहे, लाइफगार्डसकट. समुद्रकाठच्या शहराने किनाऱ्यावरच तलाव बांधावा यावरूनच काय ते समजा. नाहीतर ॲथर्टनच्या पठारावर लेक ईचम, ज्वालामुखीच्या विवरातलं तळं, तिथे लोक निवांत पोहतात.

जेलीफिशचं म्हणाल तर ती जुलैला जातेय म्हणजे अर्धी काळजी कमीच. नोव्हेंबरनंतर मात्र अंगभर लायक्राचा सूट घालायचा, बोटीवर मिळतो. बीचवर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लटकवलेल्या दिसतील, त्या सजावट नाहीत. डंख झाला तर त्यावर भरपूर व्हिनेगर ओतायचं आणि लगेच तीन शून्य या नंबरला फोन, चोळायचं अजिबात नाही.

झाड म्हणजे जिंपी-जिंपी. आपली खाजकुयली काहीच नाही त्यापुढे. पानं पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची, दिसायला मऊ, आणि त्यावरचे बारीक काचेसारखे केस कातडीत घुसले की दुखणं कधीकधी महिनोन्महिने परत परत उठतं. हे झाड ऊन येणाऱ्या मोकळ्या जागी वाढतं, म्हणजे नेमकं पायवाटेच्या कडेला, म्हणून वाट सोडायची नाही आणि कुठल्याही पानाला कौतुकाने हात लावायचा नाही. बास, एवढंच. आणि कॅसोवरी समोर आला तर पळायचं नाही, पाठ न फिरवता हळूहळू मागे सरकायचं, बॅग पुढे धरायची. माणसाएवढा उंच पक्षी आहे, पण पिल्लं सांभाळतो बाबा, आई अंडी घालून निघून जाते, हे तुमच्या ह्यांना नक्की वाचून दाखवा.

प्रश्न : डेनट्रीतली बरीच झाडं कोकणातल्यासारखी आहेत असं वाचलं. हे गोंडवना या जुन्या महाखंडामुळे ना? भारत आणि ऑस्ट्रेलिया एकत्र होते तेव्हाची झाडं? (बॉटनी, रत्नागिरी)

हा प्रश्न वाचून मी खुर्चीतच सावरून बसले. उत्तर थोडं हो, बरंचसं नाही.

आधी साम्य सांगते. केप ट्रिब्युलेशनच्या बीचवर वाळूत वाकून सावली धरणारं झाड म्हणजे उंडी, तीच आपल्या किनाऱ्यावरची. करंज आहे. सातवीण आहे, तिकडे तिला मिल्की पाइन म्हणतात. नदीकाठी उंबर, खोडाला लगडलेली फळं, दत्ताचा पार तेवढा नाही. खारफुटीत तिवर आहे. जंगलात वेत आहे, त्याच्या काटेरी दोऱ्या शर्टात अडकल्या की थांबून मागे यावं लागतं म्हणून त्याचं नावच वेट-अ-व्हाइल. आंब्यावर पानं शिवून घर करणाऱ्या आपल्या तांबड्या मुंग्या आहेत ना, तीच जात तिकडे हिरव्या पोटाची आहे आणि ते पोट जिभेला लावलं की लिंबासारखं आंबट लागतं. कुकू यलंजी लोक, म्हणजे या जंगलाचे मूळ मालक, सर्दीखोकल्याला या मुंग्या वापरत आलेत.

पण विचार कर, भारत आणि ऑस्ट्रेलिया वेगळे होऊन दहा कोटींहून जास्त वर्षं झाली. एकच जात दोन्हीकडे इतका काळ न बदलता राहणं अवघड. उंडी आणि करंज समुद्रावर तरंगत पसरतात, उंबराची फळं वटवाघळं आणि पक्षी खातात, सातविणीच्या बिया केसाळ असतात, वाऱ्यावर जातात. म्हणजे ही झाडं इंडोनेशिया, न्यू गिनी अशी बेटांबेटांनी पसरलेली आहेत, खंडाबरोबर वाहत गेलेली नाहीत.

खरी गोंडवनाकाळची वंशावळ बघायची असेल तर इडिओस्पर्मम नावाचं झाड शोध. १९०२ मध्ये केर्न्सच्या दक्षिणेला नोंद झाली, मग ते झाड हरवलंच असं सगळे समजत होते, आणि १९७१ मध्ये डेनट्रीत एका शेतकऱ्याच्या गाई मेल्या, पोटात न ओळखीच्या बिया सापडल्या, तेव्हा ते पुन्हा सापडलं. तुला बीजपत्रं शिकवताना एक किंवा दोन असं शिकवलं असेल, याला तीन-चार असतात. बी इतकी जड आणि विषारी की आता ती लांब नेणारा प्राणीच दिसत नाही, झाडाखाली पडते आणि उतार असेल तर घरंगळते. म्हणून ते मोजक्याच दऱ्यांमध्ये आहे. तुझ्या उंडीने समुद्र ओलांडला आणि हे एक ओढासुद्धा ओलांडत नाही!

जायच्या आधी सिंधुदुर्गातल्या हेवाळे-बांबर्डेची मायरिस्टिका (रानजायफळ) दलदल बघून जा, जमलंच तर. डेनट्रीतही जायफळाच्या कुळातलं जंगली झाड आहे, ओळखलंस तर तिकडच्या प्राध्यापकांसमोर भाव खाशील. आणि तिकडे जंगल बघायला मॉसमन गॉर्जला कुकू यलंजी गाइडबरोबरच फीर. २०२१ मध्ये डेनट्री नॅशनल पार्कची मालकी त्यांच्या समाजाला परत मिळाली, आता ते आणि सरकार मिळून ते सांभाळतात. फळ विषारी असेल तर ते किती दिवस पाण्यात ठेवून खायचं हे पुस्तकात एका ओळीत असतं, ते लोक मात्र करून दाखवतात.

प्रश्न : रीफ तर मेलाय म्हणतात, मग एवढा खर्च कशाला करायचा? (ठाणे)

मेलेला नाही, पण त्याची तब्येत वाईट आहे. पाणी जास्त दिवस गरम राहिलं की कोरल आपल्या आतलं शेवाळ बाहेर टाकतात, रंग आणि बरंचसं अन्न त्यातूनच येतं, म्हणून पांढरे पडतात. पांढरा म्हणजे मेलेला नाही, उपाशी. उष्णता लवकर उतरली तर सावरतो, नाही उतरली तर मरतो आणि वर शेवाळाची घाणेरडी पोपडी चढते. २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४, २०२५, इतक्या वेळा हे मोठ्या प्रमाणावर झालंय, आणि मधला सावरायचा वेळ कमी होतोय ही खरी अडचण आहे. पण रीफ २३०० किलोमीटर लांब आहे, त्यात जवळपास तीन हजार वेगवेगळे रीफ, सगळे एका अवस्थेत कसे असतील? पैसे कमी असतील तर केर्न्सजवळचं ग्रीन आयलंड किंवा टाउन्सव्हिलहून वीस-पंचवीस मिनिटांचं मॅग्नेटिक आयलंड कर, कोआला पण दिसतील. आणि एक तरी बाहेरचा रीफ कर, त्यासाठी रोजच्या दोन कॉफी सोड.

प्रश्न : तिकडे ऊस आहे म्हणे? आमच्यासारखा? (कोल्हापूर)

आहे की, मैलोन्मैल. पण तोडणी मशीनने, आणि ऊस कारखान्यात जातो छोट्या रुळांवरच्या आगगाडीने, ट्रॅक्टरच्या रांगा नाहीत. सीझन जून ते नोव्हेंबर. उसाच्या भुंग्यांवर उपाय म्हणून १९३५ साली गॉर्डनवेलला बाहेरून मोठे बेडूक आणून सोडले, त्यांनी भुंगे काही फार खाल्ले नाहीत, स्वतः मात्र जवळजवळ सगळ्या उत्तर ऑस्ट्रेलियात पसरले आणि विषारी असल्याने त्यांना खाणारे प्राणी मेले.

प्रश्न : लाडू-पेढे नेता येतील का? आणि इथल्या लायसन्सवर गाडी चालेल का? (नागपूर)

पेढे, बर्फी, गुलाबजाम, काही नाही, दुधाचं चालत नाही, एअरपोर्टवर काढून घेतात. बाकी मसाले, लोणचं जे काही असेल ते फॉर्मवर लिहायचंच, लपवलं तर दंड आहे. ट्रेकिंगचे बूट घासून मातीविरहित न्या, तेही बघतात. लायसन्स इंग्रजीत आणि चालू असेल तर चालतं, गाडी डावीकडूनच. फक्त एकवीसच्या खाली भाड्याची गाडी मिळणं कठीण. डेनट्री नदीवर पूल नाही, गाडीसकट केबल फेरीने पलीकडे जायचं, मध्यरात्रीनंतर ती बंद. पलीकडे मोबाइलला रेंज जवळजवळ नाहीच, तेव्हा पेट्रोल, पाणी आणि घरी करायचा फोन, तिन्ही अलीकडेच उरका.