गच्चीवर पहिला ड्रम भरताना

ताई, गच्चीवर भाजी लावायला ड्रम भरताय, तर नर्सरीतल्या लाल मातीच्या गोण्या मागवू नका. भिजली की गच्चीला भार, सुकली की वीट. त्यापेक्षा रसवंतीवाल्याला सांगून ठेवा, उसाची चिपाडं तो हसतहसत देतो. ती कडकडीत वाळवा, नाहीतर मुंग्या लागल्याच म्हणून समजा. ड्रमच्या बुडाला भोकं पाडा, निम्म्यापर्यंत चिपाडं, वर सोसायटीतला पालापाचोळा, कंपोस्ट आणि दोन मुठी माती. थर खाली बसत जातो, भर घालत राहायची. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवरची बाग तिथल्याच ओल्या कचऱ्यावर पोसली गेली.

झाडांना जीवामृत द्या, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत. त्याला शेण मुंबईत आरे कॉलनीच्या तबेल्यांत मिळतं. 10 लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, 100 ग्रॅम गूळ, तितकंच बेसन, मूठभर झाडाखालची माती. सावलीत ठेवा, रोज दोनदा ढवळा. 2-3 दिवसांनी दहापट पाण्यातून द्या. बाटलीबंद टॉनिकांवर मात्र पैसे उधळू नका.

पावसाळ्यात पालक-मेथीच्या वाटेला जाऊ नका, कुजतात. अळू, मायाळू, घोसाळी लावा. आणि हो, ड्रम विटांवर ठेवा. गच्ची गळली तर सेक्रेटरी आधी तुमच्याच दारात येईल.